ईसीजी वाचताना नाव नंतर, वर्णन आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इमर्जन्सीत नर्स म्हणून सहा महिने झाले. ईसीजीवरची दोन पुस्तकं वाचली, कोर्सही केला, सरावाच्या पट्ट्या बऱ्यापैकी ओळखता येतात. पण खऱ्या पेशंटचा कागद हातात आला आणि डॉक्टरांनी ‘काय दिसतंय?’ म्हणून विचारलं की काही सुचत नाही. तेव्हा आणखी किती पॅटर्न पाठ करायचे? शिवाय, लहरींमधलं अंतर मोजायचा कॅलिपर घ्यावा का?

कॅलिपरचं शेवटी सांगते. पॅटर्न मात्र सध्या एकही नवा पाठ करू नका.

पुस्तकातली पट्टी कोणीतरी शेकडो पट्ट्यांमधून निवडलेली असते. ती स्वच्छ असते, तिच्यात एकच आजार असतो आणि मुख्य म्हणजे तिच्यात काहीतरी आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. तुमच्या हातात येणारे बहुतेक कागद नॉर्मल असतात किंवा जवळपास नॉर्मल, आणि त्यावर घाम, थरथर, सुटलेली इलेक्ट्रोड हे सगळं उमटलेलं असतं. अशा कागदावर डोळे नाव शोधत बसतात, ते सापडत नाही आणि आपण गप्प होतो. ‘काय दिसतंय?’ याचा अर्थ तुम्ही ‘निदान काय?’ असा लावताय. विचारणाऱ्याने तेवढं मागितलेलं नसतं. जे दिसतंय ते ओळीने सांगा. ‘गती ११०, ठोके अनियमित, क्यूआरएस अरुंद, पी लहर कुठेच नाही’ एवढं तुम्ही म्हणालात (पी लहर म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा आवेग, क्यूआरएस म्हणजे खालच्या कप्प्यांचा टोकदार उठाव) की एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, हा शब्द समोरच्याच्या तोंडून आपोआप येतो. पुढच्या वेळी तो तुमच्याही तोंडून येईल.

नाव घाईने घेतलं की काय होतं हे मी स्वतः भोगलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्रपाळीला एक साठीच्या बाई आल्या. धडधड, थोडी चक्कर, दोन दिवस जेवण नीट नाही. गती १५०, ठोके नियमित, क्यूआरएस अरुंद. मी ‘सायनस टॅकिकार्डिया (हृदयाची नेहमीचीच लय, फक्त वेगवान), पाणी कमी पडलंय’ म्हणून मोकळी झाले आणि सलाइन लावलं. एक लिटर गेलं तरी गती १५०. त्या झोपल्या तरी १५०. तासाभराने माझ्या वरिष्ठांनी कागद उचलला, लीड दोनवर (लीड म्हणजे हृदयाकडे बघायचा एक कोन) बोट ठेवलं आणि विचारलं, ‘या करवतीच्या दात्यांना तू काय म्हणतेस?’ तो एट्रियल फ्लटर होता. फ्लटरमध्ये वरचे कप्पे मिनिटाला साधारण ३०० वेळा आकुंचन पावतात आणि दर दोनांतला एकच आवेग खाली पोचतो, म्हणून १५०. सायनसची गती ताप, वेदना, सलाइन, झोप यांबरोबर वरखाली होत राहते. ही तासभर एकाच आकड्यावर अडून बसली होती आणि ते मॉनिटरवर माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण नाव देऊन झालं होतं, त्यामुळे मी बघणंच थांबवलं होतं. तेव्हापासून नियमित, अरुंद आणि १५० च्या आसपास अडकलेली गती दिसली की फ्लटर नाही हे पटेपर्यंत मी तो कागद खाली ठेवत नाही.

आता वर्णनाचा क्रम. प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो, कोणताही एक धरा आणि तो मोडू नका.

सगळ्यात आधी कागदावरचं नाव, वेळ आणि मशीनचं सेटिंग. वेग सेकंदाला २५ मिलिमीटर आणि एक मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची, हे नेहमीचं. कधी कधी कोणीतरी उंची अर्धी करून ठेवतं आणि मग सगळेच क्यूआरएस बुटके दिसतात. २५ च्या वेगाला एक लहान चौकोन ०.०४ सेकंद आणि पाच लहानांचा एक मोठा चौकोन ०.२ सेकंद. नियमित ठोक्यांत दोन आर लहरींमधले (आर म्हणजे क्यूआरएसचं उंच टोक) मोठे चौकोन मोजून त्यांनी ३०० ला भागलं की गती मिळते. ठोके अनियमित असले तर ही पद्धत फसवते. नेहमीचा कागद १० सेकंदांचा असतो. तेव्हा तळाच्या लांब पट्टीवरचे सगळे क्यूआरएस मोजा आणि ६ ने गुणा.

मग नियमित की अनियमित. मग क्यूआरएस अरुंद की रुंद. तीन लहान चौकोन, म्हणजे ०.१२ सेकंद, ही सीमा. मग पी लहर आहे का, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी आहे का, आणि दोघांतलं अंतर तेवढंच राहतं की बदलतं. पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं हे अंतर म्हणजे पीआर, नॉर्मल असेल तर तीन ते पाच लहान चौकोन. एसटी (क्यूआरएसनंतरचा सपाट भाग), टी (त्यापुढची लहर) आणि क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचा काळ) सगळ्यात शेवटी. नवीन माणूस उलटं करतो, थेट एसटीवर उडी मारतो, कारण हार्ट अटॅक चुकेल ही धास्ती असते. धास्ती रास्त आहे, पण लय न बघता एसटी वाचला तर फ्लटरच्या लाटा आणि रुंद क्यूआरएसचे तिरके एसटी तुम्हाला हमखास चकवतात.

पी आणि क्यूआरएसचं नातं चित्रासारखं लक्षात ठेवायला गेलात तर अवघड जातं, मोजलं तर सोपं आहे. पीआर ठोक्यागणिक लांबत जातो आणि मग एक क्यूआरएस गळतो, तो वेंकेबाख. ज्यांचं हे नाव, त्या डॉक्टरांनी हा प्रकार १८९९ मध्ये नाडीच्या आलेखांवरून मांडला होता, आजच्यासारखा ईसीजी तेव्हा यायचाच होता. नुसत्या अंतरांच्या हिशेबावरून त्यांनी तो ओळखला. पीआर तेवढाच राहून अचानक क्यूआरएस गळत असेल तर तो मोबिट्झ दोन. त्याची भीती बाळगा, तो पूर्ण ब्लॉकमध्ये जाऊ शकतो. पूर्ण ब्लॉकमध्ये पी आपल्या चालीने चालतात, क्यूआरएस आपल्या, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. असा कागद दिसला की पेसिंगचे, म्हणजे बाहेरून विजेने ठोके देणारे, पॅड जवळ आणून ठेवा आणि मग वरिष्ठांना बोलवा.

रुंद क्यूआरएसवर जरा थांबते, कारण माणसं इथे दगावतात. रुंद, वेगवान आणि नियमित लय ही व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे खालच्या कप्प्यांतून उठणारी व्हीटी, असं धरूनच चाला. ती व्हीटी नाही हे दुसऱ्या कोणीतरी सिद्ध करू दे. पेशंट वयस्क असेल किंवा आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर वाद घालायलाही जागा नाही. ‘बीपी चांगलं आहे, बोलतोय, म्हणजे व्हीटी नसणार’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. व्हीटीतला पेशंट गप्पा मारत असू शकतो. त्याला साधी एसव्हीटी (वरून उठणारी वेगवान लय) समजून गती उतरवणारं व्हेरापामिल दिलं तर गप्पा थांबतात.

रुंद आहे पण फार वेगवान नाही, पी लहरी गायब आहेत, टी टोकदार आहे किंवा सगळंच एका लाटेत मिसळत चाललंय, असं दिसलं की पोटॅशियम आठवा. हा पेशंट डायलिसिसवर आहे का, लघवी होते का, ब्लडप्रेशरच्या कोणत्या गोळ्या घेतो, हे त्याच क्षणी विचारा. असा कागद असताना कॅल्शियम द्यायला लॅबच्या पोटॅशियमच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत. आणि रुंद, अनियमित, २०० च्या वर, प्रत्येक ठोका थोडा वेगळ्या आकाराचा, बहुधा तरुण पेशंट: हे जादा विद्युतवाट असलेल्या हृदयातलं, म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यूमधलं, एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. तिथे एव्ही नोडला (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या नेहमीच्या वाटेला) आवरणारी औषधं, एडेनोसिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, घातक ठरू शकतात. ऑर्डर देणं तुमचं काम नाही, पण सिरिंज भरता भरता ‘सर, ही अनियमित आहे’ एवढं म्हणणं नक्कीच आहे. माझ्या एका सिस्टरने ते वेळेवर म्हटलं होतं आणि भरलेली सिरिंज ट्रेमध्ये परत गेली.

आता तुमच्या हातातली गोष्ट, जी डॉक्टर बहुधा शिकवत नाहीत कारण त्यांना स्वतःलाच धड येत नाही: इलेक्ट्रोड कुठे लावायचे. चुकीच्या जागी लावून काढलेला कागद कितीही छान वाचला तरी उपयोग नाही. उरोस्थीवर वरून खाली बोट सरकवत गेलं की एक आडवा उंचवटा लागतो, त्याला लागून दुसरी बरगडी. तिच्या खालची फट दुसरी. तिथून मोजत चौथ्या फटीत या. छातीवरचे सहा इलेक्ट्रोड म्हणजे व्ही१ ते व्ही६: उरोस्थीच्या उजव्या कडेला व्ही१, डाव्या कडेला व्ही२. मग व्ही३ सोडून आधी व्ही४ लावा: पाचवी फट, गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली येणारी रेषा. व्ही३ मग व्ही२ आणि व्ही४ च्या बरोबर मध्ये. व्ही५ आणि व्ही६ हे व्ही४ च्याच पातळीत आडवे, बरगड्यांच्या उताराबरोबर वर चढवायचे नाहीत. व्ही१ आणि व्ही२ एक-दोन फटी वर लावण्याची चूक सर्रास होते. मग व्ही१ मध्ये दुहेरी आर आणि उलटी टी उमटते, आणि जुना अटॅक, ब्रुगाडा (अचानक मृत्यू ओढवू शकणारा लयदोष) असल्या नसत्या शंका सुरू होतात.

हातांच्या वायरींची अदलाबदल तर रोजची. लीड एक पूर्ण उलटी आणि एव्हीआर (उजव्या हाताकडून बघणारी लीड) सरळ दिसली की आधी वायर तपासा. हृदय उजवीकडे असलेला पेशंटही लीड एकमध्ये असाच दिसतो, पण त्याच्या व्ही१ ते व्ही६ मध्ये आर वाढत जायच्या ऐवजी घटत जातो. लीड दोन जवळजवळ सपाट असेल तर उजव्या हाताची आणि उजव्या पायाची वायर बदललेली असण्याची शक्यता मोठी. हे सगळं पाठ करण्यापेक्षा लीड एक, दोन, तीन कुठून येतात ते समजून घ्या: दोन हात आणि डावा पाय, एवढाच त्रिकोण. ईसीजीचे जनक आइंटहोव्हेन यांच्या पहिल्या यंत्रावर पेशंट हात आणि पाय खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचा. त्या कामासाठी त्यांना १९२४ मध्ये नोबेल मिळालं. आपण आज चिकटपट्ट्या लावतो, त्रिकोण तोच आहे.

थरथरीबद्दल एक. पार्किन्सनच्या एका आजोबांचा मॉनिटर व्हीटी म्हणून ठणाणा करू लागला, दोघंजण डिफिब्रिलेटर घेऊन धावले, तर आजोबा दात घासत होते. अशा वेळी दुसऱ्या लीड बघा, गोंधळाच्या आत अरुंद क्यूआरएस आपल्या जागी नियमित दिसतात. बोटाच्या ऑक्सिमीटरची लहर बघा. आणि नाडीवर हात ठेवा. याची उलट बाजू जास्त भयंकर: मॉनिटरवर सुंदर नियमित लय आणि मानेला नाडी नाही. तिथे पट्टी वाचत बसू नका, छाती दाबायला सुरुवात करा.

एसटीबद्दल तुम्ही बरंच वाचलं असणार, म्हणून त्यातलं तुमच्या उपयोगाचं तेवढं सांगते. छातीत दुखत असलेल्याचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत काढून डॉक्टरांना दाखवायचा, हा नियम तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या दोन लीडमध्ये १ मिलिमीटर एसटी वर हा ढोबळ मापदंड. व्ही२-व्ही३ मध्ये तो वेगळा आहे: चाळिशीच्या पुढच्या पुरुषाला २, त्याहून तरुणाला अडीच, स्त्रीला दीड. पण अटॅक हे आकडे गाठेपर्यंत थांबत नाही. लीड तीन आणि एव्हीएफमध्ये (या खालच्या भिंतीकडे बघतात) एसटी अर्धा मिलिमीटरच वर वाटत असेल तर डाव्या हाताकडून बघणारी एव्हीएल बघा. ती खाली झुकलेली असेल तर पेशंटला तिथेच ठेवा. खालच्या भिंतीचा अटॅक वाटतोय म्हणजे उजव्या बाजूचा व्ही४ काढा, कोणी सांगायची वाट बघू नका. अटॅकमध्ये हृदयाचा उजवा कप्पाही सापडलेल्या पेशंटचं बीपी जिभेखालच्या नायट्रेटने कोसळू शकतं, त्यामुळे हा कागद गोळी द्यायच्या आधी हवा. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली आणि आर उंच असेल तर पाठीवर व्ही७, व्ही८, व्ही९ लावा, व्ही६ च्याच पातळीत. मागच्या भिंतीचा अटॅक समोरून उलटा दिसतो, आणि पाठीवर अर्धा मिलिमीटरही पुरतो.

पहिला कागद नॉर्मल आणि दुखणं चालू, तर १५ ते ३० मिनिटांनी दुसरा काढा. पेशंटला जुना ईसीजी मागा. नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये, फाइलच्या तळाशी, कुठेतरी असतो. अर्धी कोडी जुना कागद शेजारी ठेवला की सुटतात. आणि दुखणं थांबलंय पण व्ही२-व्ही३ मधली टी आधी वर मग खाली अशी दुमडलेली दिसतेय, तर तो पेशंट ‘आता बरं वाटतंय’ म्हणत घरी जाता कामा नये. ही वेलेन्सची खूण, १९८२ मध्ये मांडलेली. हृदयाच्या समोरच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या डाव्या धमनीत (एलएडी) अगदी सुरुवातीच्या भागात मोठा अडथळा असल्याचं ती सुचवते. अशाला ट्रेडमिलवर चढवणं म्हणजे आगीशी खेळ.

क्यूटीकडे इमर्जन्सीत कोणी फारसं बघत नाही. गती ६० ते १०० मध्ये असताना टी लहर दोन आर लहरींच्या मध्यबिंदूच्या पलीकडे संपत असेल तर क्यूटी लांबलेला असू शकतो, मग मोजा. गतीनुसार दुरुस्त केलेला आकडा ५०० मिलिसेकंदांच्या वर असेल तर ऑन्डान्सेट्रॉन, हॅलोपेरिडॉल, अझिथ्रोमायसिन ही क्यूटी आणखी लांबवणारी औषधं द्यायच्या आधी विचारा. यातली पहिली दोन तर तुम्ही पाळीत कितीदा देत असाल! घेरी येऊन पडलेल्याच्या कागदावर क्यूटी, डेल्टा लहर (डब्ल्यूपीडब्ल्यूची खूण), ब्लॉक आणि व्ही१-व्ही२ मधला ब्रुगाडा एवढं मुद्दाम शोधा. पडून लागलेली जखम शिवण्याच्या नादात हा कागद कोपऱ्यात राहतो.

मशीनने वर छापलेल्या ओळीचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. मी कागदाचा वरचा भाग मागे दुमडते आणि आधी स्वतःचं वर्णन पेन्सिलने लिहिते. मशीन अंतरं मोजायला बरं आहे. लयीत ते चुकतं: थरथरीला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतं, उंच टी ला क्यूआरएस समजून गती दुप्पट सांगतं. आणि ‘नॉर्मल’ छापलेल्या कागदावर सुरुवातीचा अटॅक मी एकाहून जास्त वेळा पाहिलाय. तुमचं वर्णन आणि मशीनचं जुळलं नाही तर कोणाचं चुकलं हे शोधायला लावलेली पाच मिनिटं पुस्तकाच्या एका प्रकरणाहून जास्त शिकवतात.

सरावासाठी एवढंच करा. प्रत्येक पाळीत पाच कागद, त्यात किमान तीन नॉर्मल. नाव झाकून वहीत चार ओळींचं वर्णन लिहा आणि दोन दिवसांनी त्या पेशंटचं पुढे काय झालं ते विचारा: ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याचं सांगणारी रक्ततपासणी), अँजिओग्राफी, पोटॅशियम, जे असेल ते. नॉर्मल इतके बघा की विकृत कागद हाती आला की नाव आठवायच्या आधी अंगावर येईल. सहा महिन्यांनी वही उलटी चाळली की आपण नेमकं कुठे चुकतो हे दिसतं. माझी स्वतःची वही सांगते की मी रात्री तीननंतर पी लहरी बघत नाही.

फोनवरही हेच वर्णन वापरा. ‘सर, ईसीजीत काहीतरी गडबड आहे’ ऐकून झोपलेला माणूस कूस बदलतो. ‘५८ वर्षांचे गृहस्थ, ४० मिनिटं छातीत दुखतंय, घाम आहे, लीड दोन, तीन, एव्हीएफमध्ये दोन मिलिमीटर एसटी वर, एव्हीएलमध्ये खाली, उजवा व्ही४ काढलाय, फोटो पाठवते’ हे ऐकून तो चपला शोधायला लागतो.

राहिला कॅलिपर. घेऊ नका, पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ‘दोन मिनिटं’ म्हणून नेईल. कोऱ्या कागदाची कड पट्टीवर धरा, तीन आर लहरींच्या खाली पेनाने तीन खुणा करा आणि कागद पुढे सरकवत न्या. खुणा पुढच्या आर लहरींवर बसत गेल्या तर लय नियमित. तीच कड पी लहरींवर लावली तर क्यूआरएसमध्ये किंवा टी मध्ये दडलेली पी देखील सापडते. त्या बाईंच्या फ्लटरनंतर माझ्या ॲप्रनच्या खिशात अशा कडांचे तुकडे कायम असतात, धुवायला टाकताना रोज काढावे लागतात.